मांजरीचा चातुर्मास

आमच्या गल्लीत मांजरीने काय खावं याबद्दल मत नसलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे. स्वतःच्या नवऱ्याला साखर झाली हे ज्यांना डॉक्टरने सांगेपर्यंत कळलं नाही, त्या बायासुद्धा मांजरीच्या पोटाबद्दल छातीठोक बोलतात. एक म्हणते दूधभात द्या, एक म्हणते नुसती मलई, तिसरी म्हणते काही देऊच नका, मग ती उंदीर धरते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटातली ही रिटायर सरकारी नोकरांची वस्ती. कामं संपली, सल्ले शिल्लक राहिले. आणि या सगळ्या सल्लागारांत मी मोठी मास्तरीण. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे मला न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं येतात.

मांजर आमच्याकडे आली ती ह्यांच्या रिटायरमेंटनंतर दुसऱ्या महिन्यात. हे सिंचन विभागात होते. सगळी नोकरी त्यांनी ऑफिसात फाईल पुढे सरकवली आणि घरी येऊन ताट पुढे ओढलं, दोन्ही कामं तोंड न उघडता. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटलं, माणूस लाजरा आहे. पुढे वाटलं, काहीतरी विचार करत असेल. मग मी वाटून घेणंच सोडलं आणि दोघांच्या वाटचं एकटीच बोलू लागले. जमलं मला ते. कोणी तक्रार केली नाही, करणार तरी कोण होतं.

तर ही मांजर. करड्या रंगाची, एका कानाला चीर गेलेली. मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीवर बसून राहायची. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर मागच्या दारातून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं कोणी पाहुणं आलं. जाऊन पाहते तर हे पायरीवर बसलेले आणि मांजरीला सांगताहेत की उजवा गुडघा चढताना नाही दुखत, उतरताना दुखतो. मला या माणसाने इतक्या वर्षांत गुडघा आहे हेसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तिला ते ‘बाई’ म्हणायचे. काय बाई, झालं का जेवण. बस बाई, ऊन चांगलं हाये. मला आजवर ‘अवं’ च्या पुढे काही म्हटलेलं नाही. पहिले चार दिवस मी धुसफुसले. मग माझ्या ध्यानात आलं की स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडत बसलं की घरातल्या सगळ्या बातम्या फुकटात मिळतात. नवे पडदे ह्यांना आवडले नव्हते. किरनापूरच्या बहिणीला एकदा भेटून यायचं मनात होतं. आदल्या दिवशीची वांग्याची भाजी फार चांगली झाली होती. ही शेवटची बातमी ऐकून माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. मला सांगितलं असतं तर काय जीभ झिजली असती का? पण मांजरीला सांगितलं, तेही मला पुरलं. खरं सांगते, ती मांजर गेली असती तर माझ्याच नवऱ्याच्या मनातलं मला कळायचा रस्ता बंद झाला असता. हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नसतं.

आमची लेक पुण्याला असते. तिच्याकडे दोन मांजरी आहेत, पाकिटातलं मोजून खातात आणि महिन्याला वजनकाट्यावर उभ्या राहतात. आईबाबांनी मांजर पाळली म्हणून तिने हौसेने फोन केला. “आई, आपल्या खाण्यातलं मांजरीले काय चालते अन काय नाही, मी लिस्ट सांगते. लिहून घे. पहिले तर दूध बंद कर. मोठ्या मांजरीले दूध पचत नाही.”

मांजरीला दूध पचत नाही. मी इतकी हसले की शेजारीण कुंपणापाशी आली. मी तिलाही सांगितलं, तीही हसली. मग मी फोनवर म्हटलं, “अवं, गाईले गवत चालते का, थेही विचारून घे तुझ्या डॉक्टरले. नाहीतर आमची फसगत व्हायची.” लेक म्हणाली, “तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी लिस्ट बाबाले पाठवते.” आणि फोन ठेवला. माझ्यापुरती ती यादी दुधावरच संपली.

आता आमच्या घरच्या खाण्याचं सांगते, कारण सगळी भानगड तिथेच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आमच्याकडे कांदा, लसूण, मासोळी, मटण, सगळं बंद. चातुर्मास पाळायचा हा नेम माझ्या सासूबाईंचा. त्या गेल्या, नेम ठेवून गेल्या. मला देवापेक्षा नेम मोडल्यावर गल्लीत जी चर्चा होईल तिची भीती जास्त. पण बाकीचे आठ महिने कांद्याशिवाय आमची शेगडी पेटत नाही. वैनगंगेची मासोळी आली की दोन मोठे कांदे भाजून वाटायचे, मूठभर लसूण, वरून कोथिंबीर. त्या रश्श्यासाठी लोक निमित्त काढून आमच्याकडे येतात. मी सांगत नाही, लोक सांगतात.

पहिल्याच वर्षी दिसलं की चातुर्मासात मांजर गुबगुबीत होते. मासोळी नाही, मटण नाही, नुसता वरणभात आणि वर तूप, तरी अंगावर तुकतुकी. टाकीवर काय चढायची, टाकीवरून भिंतीवर, भिंतीवरून शेजारच्या पत्र्यावर. आणि कार्तिकी झाली, घरात रस्सा शिजला, की दोन-तीन आठवड्यांत बाई मलूल. उन्हात पडून राहायची. हाक मारली तर एक कान हलवायची, तो फाटका. दुसऱ्या वर्षी परत तेच.

यातून शहाण्या माणसाने काय समजावं? आमच्या शेजारणीने समजून घेतलं. “वैनी, ही मागल्या जन्मीची भक्तीण हाये,” ती म्हणाली. “चातुर्मास मानवते तिले. थो संपला की बिचारीचं मन नाही लागत.” आठवड्यात गल्लीभर झालं. बाया मांजर पाहायला येऊ लागल्या. एकीने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायला हात पुढे केला, चांगला ओरबाडून घेतला, आणि प्रसाद मिळाला म्हणून खुशीत घरी गेली. मी सगळ्यांना हसले. मी शिकलेली बाई. मी शास्त्रीय विचार केला: थंडीने हिचं रक्त कमी होतं, अंगात ताकद पाहिजे. म्हणून थंडीत मी तिचा रस्सा वाढवला. भातात कांद्याचा मसाला चांगला कालवायचा, वर मासोळीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे त्या वासाने सगळं जाईल पोटात. जायचं.

एका दुपारी खिडकीतून ऐकलं. हे वाटीपाशी बसून मांजरीला समजावत होते, “नोको खाऊ बाई थे. बाधते तुले. मी दुसरं आणतो.”

माझा रस्सा बाधतो. गावभर ज्याचं नाव आहे तो माझा रस्सा बाधतो, आणि हे मला न सांगता परस्पर मांजरीचे कान भरताहेत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवसापासून मी तिची वाटी स्वतःच्या हाताने ठेवू लागले आणि ती चाटून पुसून संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहू लागले. हे उठून आत जायचे. मला वाटायचं, बरी जिरवली.

मग आली यंदाची कांदेनवमी. एकादशीच्या आधी घरातला सगळा कांदा खाऊन संपवायचा हा त्या दिवसाचा धर्म, आणि धर्मपालनात मी कुठे कमी पडत नाही. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचा झुणका, आणि शेवटची म्हणून मासोळी. तरी टोपलीत चार कांदे उरले. कांदा घरात राहून चालत नाही, म्हणून तेही चिरले आणि तेलात परतले. ते हातात घेऊन उभी होते, तर मागच्या दारात मांजर. मनात आलं, हिलाही आता चार महिने मिळणार नाही. खाऊ दे पोटभर. परतलेला सगळा कांदा मासोळीच्या रश्श्यात कालवून मोठी वाटी भरून दिली. सणाचा दिवस होता ना.

हे दारात आले. वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं.

“काय?” मी म्हटलं.

माझं ‘काय’ ऐकून वर्गातल्या पोरांना घाम फुटायचा. हे “काही नाही” म्हणाले आणि गेले.

दशमीला मांजरीने खाल्लं नाही. एकादशीलाही वाटीला तोंड लावलं नाही. शेजारणीचे डोळे भरून आले. “पाह्यलं वैनी, उपास धरला तिनं.” चार जणी आल्या, लांबून नमस्कार करून गेल्या, हात लावायची हिंमत कोणी केली नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी ठेवली तिच्यापुढे, तीही नाही. द्वादशीला आमचे उपास सुटले, तिचा सुटला नाही. ती टाकीच्या सावलीत पडली होती आणि पोट भराभर हलत होतं. शेजारीण म्हणाली, निर्जळी करून राह्यली वाटते. तेवढ्यात मला फरशीवर ओल दिसली. मांजरीची लघवी होती, कोऱ्या चहाच्या रंगाची.

ह्यांनी एक शब्द न बोलता जुना टॉवेल आणला, तिला त्यात गुंडाळलं आणि चपला घालून चालू लागले. मी मागून धावले, पदराला हात पुसत.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या आधी दोन बकऱ्या आणि एक म्हैस होती. म्हशीवाला टॉवेलात पाहून म्हणाला, “बिल्ली के लिए डॉक्टर?” एरवी मी त्याला बोलून बोलून घरापर्यंत पोचवला असता. त्या दिवशी माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं. हे टॉवेल छातीशी धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय बोलत होते ते खिडकी नसल्यामुळे मला ऐकू येत नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मांजरीचा ओठ बोटाने वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. “क्या खाती है?” मी पुढे झाले. दूधभात, वरणभात, तूप, मासोळी, रस्सा, आपण खातो ते सगळं खाते, घरच्यासारखी आहे. मी हे अभिमानाने सांगितलं, ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं. डॉक्टरांनी विचारलं, “रस्से में प्याज़, लहसुन?”

मी म्हटलं, “वो तो रहता ही है.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कांदा मांजरीच्या रक्तातल्या पेशी फोडतो, ते म्हणाले. कच्चा असो, शिजलेला असो, वाटलेला असो. थोडा थोडा रोज दिला तरी, आणि एकदम वाटीभर दिला तरी. लसूण त्याहून वाईट. मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, “देता कौन है?”

तेहतीस वर्षं मी वर्गात उभी राहून विचारलं, कोणी केलं, खरं सांगा. आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना.

“मैं देता हूँ,” हे म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना चांगलं सुनावलं. या वयात इतकं तरी कळायला हवं, जनावर पाळायचं तर विचारून पाळावं. हे मान खाली घालून ऐकत होते. मी बाजूला उभी होते. मी तेव्हाही बोलले नाही. मांजरीला सलाईन लावलं, दोन सुया टोचल्या. नवं रक्त बनलं तर वाचेल, डॉक्टर म्हणाले. रोज आणा, आणि सकाळी उठल्यावर हिरड्यांचा रंग पाहत जा. पांढऱ्याच राहिल्या तर मग काही सांगता येत नाही.

परत येताना ऑटोत मी विचारलं, “तुम्ही काहून असं सांगतलं?”

“डॉक्टर तुले बोलले असते,” हे म्हणाले. “मंग तू डॉक्टरले बोलली असती. बाईकडे कोणं पाह्यलं असतं?”

माणूस चुकीचं बोलला असता तर सोपं झालं असतं. थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, “तुम्हाले माहीत होतं? कांद्याचं?”

“हौ. पोरीनं पाठवलं होतं.”

“मंग मले सांगाले काय झालतं?”

“तीन खेप सांगतलं.”

मी म्हटलं, खोटं. मग त्यांनी सांगितलं, शांतपणे, एक-एक. पहिल्यांदा नाताळच्या सुट्टीत, लेक-जावई जेवायला बसले होते तेव्हा म्हटलं होतं की मांजरीला कांदा चालत नाही. त्यावर मी म्हटलं होतं, “मंग तुमच्या बाईसाठी जैन थाळी मागवा.” सगळे हसले होते. दुसऱ्यांदा रस्सा करताना शेगडीपाशी येऊन सांगितलं. मी म्हटलं होतं, “सैपाकात पहिली सूचना केली जन्मात, थेही मांजरीच्या तर्फेनं.” शेजारीण होती, ती हसली होती. तिसऱ्यांदा त्यांनी लेकीची ती यादी हाताने कागदावर उतरवून पिठाच्या डब्यावर ठेवली होती. मी त्याच कागदाच्या पाठीवर बाजाराची यादी लिहिली. पहिली ओळ होती, कांदे दोन किलो.

माझी उत्तरं मला आठवत होती. जैन थाळीचं तर मी नंतर दहा घरी जाऊन सांगितलं होतं, इतकं मला ते आवडलं होतं. ते कशाचं उत्तर होतं, तेवढं मात्र मला सांगता आलं नसतं.

“चवथ्या खेपेले काहून नाही सांगतलं?” मी विचारलं.

ऑटो रेल्वे फाटकाशी थांबली होती. हे बाहेर पाहत म्हणाले, “तू बोलते तवा सारे हासतात. मले हासू नाही येत.”

फाटक उघडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो, मधे टॉवेल. मला रडू आलं आणि ऑटोवाल्यासमोर मी ते येऊ दिलं.

त्यानंतरचे दिवस सकाळ झाली की आधी मांजर. हे तिचा ओठ वर करायचे आणि मला सांगायचे. मलाच, कारण मांजरीला तिच्या हिरड्यांचं काय सांगणार. “पांढऱ्याच हायेत.” दुसऱ्या दिवशी, “तशाच.” तिसऱ्या दिवशी काही बोललेच नाहीत आणि मी विचारलं नाही. घरात कांदा नव्हताच, चातुर्मास होता. डॉक्टरांनी सांगितलेली बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी द्यायची तर नेम मोडणार होता. मी मोडला. दिवसाढवळ्या पिशवी घेऊन गल्लीतून आले. शेजारणीने विचारलं, काय आणलं वैनी, मी सांगितलं, कोंबडी. सासूबाईंच्या नेमाचं काय व्हायचं ते होवो. त्या उकडलेल्या कोंबडीचे धागे काढून हे तिला बोटाने भरवायचे आणि किती खाल्ले ते येऊन मला सांगायचे. “चार खाल्ले.” “सात.” सहाव्या सकाळी त्यांनी हाक मारली, “अवं, इकडं ये. वरल्या बाजूले जराशा गुलाबी वाटून राह्यल्या. तू पाह्य.” मी गुडघे टेकून पाहिलं. मला काही दिसलं नाही. मी म्हटलं, हौ, वाटतात. दोन दिवसांनी मलाही खरंच दिसलं.

तीन आठवड्यांनी बाई टाकीवर चढली. शेजारणीला वाटलं चातुर्मास मानवला. मी तिला खरं सांगितलं, सगळं, मी काय खाऊ घातलं ते. तिचा विश्वास बसला नाही. कांद्याने कुठे कोणी मरतं का, म्हणाली, वैनी तुम्ही ना, मोठ्या मजाकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसपाशी उभी राहून हाकेची वाट पाहत होते. हाक आली नाही. मागच्या दारातून बोलणं ऐकू आलं. हे पायरीवर बसून मांजरीला काहीतरी सांगत होते. ती बरी झाली होती, आता हिरड्या बघायचं काम उरलं नव्हतं, म्हणजे माझंही काम उरलं नव्हतं. मी सवयीने खिडकीशी सरकले. मग मला माझीच लाज वाटली. मी गॅस बंद केला आणि मागच्या दाराने जाऊन पायरीवर बसले. ते गप्प झाले.

“मलेही सांगा,” मी म्हटलं. “मी काही नाही बोलत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विश्वास नसल्यासारखं. मांजर उठून आपल्या कामाला गेली. आता पायरीवर आम्ही दोघंच होतो. मग ते अंगणाकडे पाहत म्हणाले, “काल वरणात मीठ जास्त झालतं.”

उत्तर तयार होतं, एक सोडून तीन. तिन्ही चांगली होती. मी ती गिळली.

“हौ,” मी म्हटलं. “झालतं.”

“परवाही झालतं,” ते म्हणाले, आणि मग पुढे बोलत राहिले.